गोळी घरी, विमा इस्पितळात

मागच्या व्याख्यानात आपण 'समानांना समान वागणूक' या तत्त्वावर बोललो. शेवटी मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं होतं, "सर, हे ॲरिस्टॉटलचं ठीक आहे, पण आमच्या घरात याचं काय करायचं?" प्रश्न रास्त होता आणि मी तेव्हा गोलगोल उत्तर दिलं. म्हणून आज एकच उदाहरण घेतो आणि त्यातच राहायचा प्रयत्न करतो. कॅन्सरवरच्या महागड्या गोळ्यांचा खर्च सरकारी आरोग्य विम्याने द्यावा का, आणि द्यायचा तर कसा?

आधी एक खुलासा. कार्यक्रमाच्या पत्रकावर 'ओरल कॅन्सर ड्रग्ज' असं छापलं गेलं, त्यामुळे तिघांनी फोन करून विचारलं की सर, तंबाखूवर बोलणार का? नाही. तोंडाचा कॅन्सर हा आजचा विषय नाही. कॅन्सर कुठलाही असो, त्यावरचं जे औषध तोंडाने घ्यायचं असतं, घरी, पाण्याच्या घोटाबरोबर, त्याबद्दल मी बोलतोय. तंबाखू मात्र सोडाच, ते वेगळं.

आता गोष्ट. 2011 सालची आहे. मी तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी तीस वर्षं त्यांच्या हातून पुस्तकं घेतली. मामांना थकवा यायला लागला, पोटात डाव्या बाजूला जड वाटायला लागलं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी प्रमाणाबाहेर वाढलेल्या. निदान झालं, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. रक्ताचा कॅन्सर म्हटल्यावर घरात रडारड झाली. पण डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, यावर गोळी आहे. इमॅटिनिब. 400 मिलिग्रॅम, रोज एक वेळ. रोज घेतलीत तर नोकरी करा, नातवंडं बघा.

मामांना वाटलं, सुटलो. कारण त्यांच्याकडे विमा होता. पतसंस्थेमार्फत सगळ्यांनी मिळून काढलेली सामूहिक पॉलिसी होती, दर महिन्याला पगारातून पैसे कापले जायचे. त्यांनी क्लेम टाकला आणि तो परत आला. कारण एका ओळीचं होतं. रुग्ण किमान 24 तास दाखल नव्हता. गोळी घरी घेतली होती, म्हणजे बाह्यरुग्ण, आणि बाह्यरुग्णाचा खर्च पॉलिसीत बसत नाही.

सरकारी योजनाही नव्हती असं नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढच्याच वर्षी, 2012 मध्ये सुरू झाली, सुरुवातीला आठ जिल्ह्यांत. पण ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांसाठी. मामांचा पगार वर्षाला लाखाच्या थोडा वर जायचा, म्हणून कार्ड पांढरं. गोळीची भारतीय आवृत्ती तेव्हा महिन्याला आठ-दहा हजार रुपयांना पडायची. मामांच्या हातात येणाऱ्या पगाराचा तो मोठा तुकडा होता, आणि गोळी एक-दोन महिन्यांची नव्हती, आयुष्यभराची होती.

मग कुणीतरी सल्ला दिला. दर महिन्याला एक दिवस अॅडमिट दाखवू, कागद करून देतो, बिलात गोळ्या बसवू. मामा माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, तुम्ही नीतिशास्त्र शिकवता. सांगा, करू का?"

मी म्हटलं, मला विचार करू द्या. यावर नंतर येतो.

आधी हे समजून घेऊ की विमा खाटेला का चिकटला. कारण त्यामागे कुणाचा दुष्टपणा नाही. आरोग्य विम्याची कल्पना ज्या काळात आकाराला आली, त्या काळात मोठा आजार म्हणजे इस्पितळ. शस्त्रक्रिया, सलाईन, नर्स, रात्रपाळीचे डॉक्टर. औषधाच्या दुकानातून आणायची गोळी म्हणजे ताप, खोकला, पित्त. त्यामुळे विमावाल्यांनी, आणि नंतर सरकारांनीही, एक सोपी खूण धरली. जिथे मोठा खर्च तिथे खाट. खाट दिसली की पैसे द्या, नाही दिसली की देऊ नका.

आपल्या न्यायदर्शनात याच चुकीचं एक फार जुनं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण उलटं केलं, की जिथे अग्नी तिथे धूर, तर ते चूक. का? तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला अग्नीबरोबर ओलं लाकूड लागतं. या ओल्या लाकडाला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. आपण रोज ओल्या लाकडाच्याच चुली बघत असलो तर आपल्याला वाटतं की अग्नी असला की धूर असणारच. उपाधी दिसत नाही, कारण ती सगळीकडेच असते.

खाटेचं हेच झालं. मोठा खर्च हा अग्नी, खाट हा धूर. आणि ओलं लाकूड कुठलं? तर त्या काळचं वैद्यकशास्त्र, ज्यात कॅन्सरचं औषध बहुतेक वेळा शिरेतून द्यावं लागायचं आणि रुग्णावर नजर ठेवावी लागायची. लाकूड वाळलं तेव्हा धूर गेला. अग्नी राहिला.

लाकूड वाळलं ते साधारण 2001 मध्ये. मामांच्या आजारात पेशीतल्या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलतात, हे मुळात 1960 मध्ये फिलाडेल्फियात लक्षात आलेल्या एका आखूड गुणसूत्रावरून उलगडत गेलं. त्या अदलाबदलीतून एक प्रथिन तयार होतं, ते पेशीला सतत 'वाढ, वाढ' म्हणत राहतं. इमॅटिनिब नेमकं त्या प्रथिनाला गप्प करतं. मे 2001 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्यानंतर अशा गोळ्यांची रांग लागली. फुप्फुसाच्या, मूत्रपिंडाच्या, यकृताच्या, स्तनाच्या, प्रोस्टेटच्या कॅन्सरवर. रुग्णाला हे वरदानच आहे. बस पकडून शहरात जायचं नाही, सोबत यायला मुलाची रजा नको, हाताच्या शिरा काळ्यानिळ्या व्हायच्या नाहीत. पण विम्याच्या हिशेबात तो माणूस नाहीसा झाला. तो खाटेवर नाही, म्हणजे आजारी नाही.

तुम्हाला वाटेल हा आपल्याकडचा गोंधळ आहे. मुळीच नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत आहेत, तेव्हा तिथलंच बघा. तिथे 65 वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना आहे. तिचा एक भाग, 'बी', डॉक्टरांच्या हातून दिलं जाणारं औषध भरतो, म्हणजे सलाईनमधलं. दुकानातून आणायच्या गोळ्यांसाठी 2006 पर्यंत मेडिकेअरमध्ये सर्वसाधारण सोयच नव्हती, त्या वर्षी 'डी' हा भाग सुरू झाला. मधल्या काळात, 1990च्या दशकात, कॅन्सरच्या गोळ्यांसाठी एक अपवाद केला गेला. तो फार मजेशीर आहे. जी गोळी शिरेतूनही देता येते, किंवा पोटात गेल्यावर जिचं रूपांतर शिरेतून देता येणाऱ्या औषधातच होतं, ती गोळी 'बी'मध्ये चालेल. म्हणजे कॅपेसिटाबिन चालेल, कारण शरीरात गेल्यावर तिचं जे औषध होतं ते सलाईनमधून द्यायची पद्धत आहे. इमॅटिनिब चालणार नाही, कारण ते शिरेतून देतच नाहीत.

जरा थांबून विचार करा. गोळीला गोळी म्हणून मान नाही. तिचा कुणीतरी सलाईनवाला नातेवाईक असेल तर तिला आत घेतात. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत असं चालायचं.

आणि 'डी'मध्ये गेल्यावर? तिथे कितीतरी वर्षं रुग्णाच्या हिश्श्याला वरची मर्यादाच नव्हती. एका टप्प्यानंतरही किमतीचे पाच टक्के भरत राहावे लागायचे. पाच टक्के ऐकायला किरकोळ. पण औषध महिन्याला दहा हजार डॉलरचं असेल तर पाच टक्के म्हणजे महिन्याला पाचशे डॉलर, निवृत्त माणसाला, दर महिन्याला. 2022 मध्ये कायदा झाला, 2024 मध्ये ते पाच टक्के गेले, आणि 2025 मध्ये रुग्णाने वर्षभरात औषधांवर भरायची रक्कम 2,000 डॉलरवर थांबवली. त्याच कायद्याने सरकारला काही औषधांच्या किमतीवर कंपन्यांशी घासाघीस करायचा अधिकारही मिळाला, आणि पहिल्या दहा औषधांत इब्रुटिनिब ही कॅन्सरची गोळी होती. हे व्हायला इमॅटिनिब आल्यापासून वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

कॅनडात आणखी वेगळी तऱ्हा. तिथे आरोग्यसेवा सरकारी आहे म्हणून आपण कौतुकाने बोलतो. पण त्यांचा 1984 चा कायदा प्रांतांकडून हमी मागतो ती इस्पितळाची आणि डॉक्टरांची. इस्पितळाबाहेरच्या औषधाची मागत नाही. त्यामुळे पश्चिमेकडच्या प्रांतांनी, ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा वगैरेंनी, कॅन्सरची गोळीही सलाईनसारखीच मोफत ठेवली, आणि ओंटारियोत मात्र 65 वर्षांखालच्या माणसाला सलाईन फुकट आणि गोळीसाठी आधी खाजगी विमा, मग अर्ज, मग उत्पन्नानुसार स्वतःचा हिस्सा. एकच देश, एकच आजार, एकच गोळी.

म्हणजे आपल्या तत्त्वाची भाषा वापरायची तर 'समान' कोण हे ठरवण्यासाठी जो गुण निवडला तो गैरलागू आहे. औषध शरीरात कुठल्या दारातून गेलं याचा रुग्णाच्या गरजेशी संबंध नाही.

इथे माझे एक मित्र, विमा क्षेत्रातून निवृत्त झालेले, मला नेहमी अडवतात. ते म्हणतात, "प्रोफेसर, खाट ही नुसती खूण नाही, ती पुरावा आहे. हौस म्हणून कुणी इस्पितळात झोपत नाही. गोळी घरी गेली की ती त्यानेच घेतली, की विकली, की उशीखाली ठेवली, मला काय कळणार?" हा आक्षेप खरा आहे, तो झटकू नये. पण तो पुराव्याचा आक्षेप आहे, हक्काचा नाही. पुरावा दुसऱ्या मार्गाने मिळतो. गोळ्या एका वेळी महिन्याभराच्याच द्या, पुढचा महिना नेताना रिकाम्या स्ट्रिप परत घ्या, रक्त तपासा. मामांच्या आजारात तर औषध नीट चाललंय की नाही हे रक्तच सांगतं. आणि उलट बाजूही बघा. खाट हाच पुरावा ठरवला की लोक खाट खोटी तयार करतात. मामांना मिळालेला सल्ला त्यातूनच आला होता. नियमाने फसवणूक थांबवायची होती, त्याने एका सरळ माणसाच्या दारात फसवणूक आणून उभी केली.

आता दुसरा भाग, आणि तो मला जास्त अवघड वाटतो. समजा आपण खाटेची अट काढली. गोळी आत घेतली. प्रश्न सुटला का? मग किंमत बघा.

सोराफेनिब नावाची गोळी आहे. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवर, आजार पुढे गेलेला असताना देतात. बायर कंपनीची. भारतात तिची किंमत होती महिन्याला 2,80,428 रुपये. वर्षाचे झाले 33 लाखांच्या वर. आपल्याकडे आयुष्मान भारत योजनेत आज कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं कवच आहे. त्या किमतीला हे कवच दुसरा महिना संपायच्या आत संपलं असतं. कुटुंबातल्या बाकीच्यांनी मग वर्षभर आजारी पडायचं नाही.

9 मार्च 2012 रोजी मुंबईतल्या पेटंट कार्यालयातून एक आदेश निघाला. पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला हीच गोळी बनवायचा सक्तीचा परवाना दिला. सक्तीचा म्हणजे पेटंटधारकाची संमती नसताना. कारणं कायद्यातलीच होती. लोकांची वाजवी गरज भागत नाही, किंमत परवडणारी नाही, आणि औषध भारतात बनवलं जात नाही. नॅटकोची किंमत ठरली महिन्याला 8,880 रुपये, आणि विक्रीवर 6 टक्के स्वामित्वशुल्क बायरला, जे पुढे अपिलात 7 टक्के झालं. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये हा परवाना कायम ठेवला. आता हिशेब करा. वर्षाला 1,06,560 रुपये. तेच 5 लाखांचं कवच, तीच गोळी, आणि आता ती कवचात बसते, वर घरातल्या इतरांसाठीही उरतं.

मामांच्या गोळीचीही कथा अशीच आहे. नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेकची किंमत महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास होती. कंपनीने इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागितलं. आपल्या कायद्यात 2005 च्या दुरुस्तीने कलम 3(ड) आलं होतं. माहीत असलेल्या द्रव्याचं नुसतं नवं रूप चालणार नाही, त्याने गुण वाढला पाहिजे, असं ते कलम म्हणतं. 1 एप्रिल 2013 रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी नोव्हार्टिसचं अपील फेटाळलं. न्यायालय म्हणालं, औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग बरा करण्याची शक्ती. द्रव्य जास्त चांगलं वाहतं किंवा साठवायला सोपं, एवढ्याने भागत नाही. मी निवृत्तीनंतर तो निकाल वाचला. 'तेच द्रव्य' आणि 'वेगळं द्रव्य' यांतला फरक न्यायालय इतक्या बारकाईने करतं, की तो तत्त्वज्ञानाच्या वर्गात लावावा. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की कंपनी हजारो भारतीय रुग्णांना ही गोळी फुकट देत होती. ते चांगलंच होतं. पण दानात देणारा आपली अट घालतो आणि ती उद्या बदलू शकतो. क्लेम नाकारला तर भांडता येतं. दान नाकारलं तर नमस्कार करून परत यायचं.

म्हणून माझं म्हणणं असं की विमा आणि किंमत हे दोन प्रश्न नाहीत. किंमत न ठरवता विमा वाढवला तर सरकारी तिजोरीतून कंपनीच्या तिजोरीत एक नळ जोडल्यासारखं होतं, रुग्ण मधल्या पाइपसारखा. आपल्याकडे काही चांगल्या गोष्टी झाल्या आहेत. 2019 मध्ये 42 कॅन्सर औषधांवरचा व्यापारी नफा 30 टक्क्यांवर बांधला. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने चाळीस औषधांची एकत्र खरेदी करून पाहिली. एकेकट्या इस्पितळाला जो भाव मिळतो त्यापेक्षा सगळ्यांना मिळून फारच कमी भाव मिळाला. घाऊक बाजारात कांदा घेणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको, पण औषधात ते करायला आपल्याला इतकी वर्षं लागली. 2024 च्या अर्थसंकल्पात तीन कॅन्सर औषधांवरचं सीमाशुल्क माफ झालं, त्यात ओसिमर्टिनिब ही फुप्फुसाच्या कॅन्सरवरची गोळी आहे. पण मूळ किंमत तशीच उंच असेल तर शुल्क काढून किती फरक पडणार?

आणि आता मी तुम्हाला न आवडणारी गोष्ट सांगतो. सोराफेनिब यकृताच्या कॅन्सरमध्ये किती आयुष्य वाढवतं? 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत गोळी न घेणाऱ्या गटाचं मध्यम आयुष्य 7.9 महिने होतं, घेणाऱ्यांचं 10.7. तीन महिन्यांहून थोडं कमी. इमॅटिनिब घेणारा माणूस जवळपास पुरतं आयुष्य जगतो. दोन्ही गोळ्या, दोन्ही महाग म्हणून गाजल्या, पण दोन्ही सारख्या नाहीत. ज्या सरकारी योजनेकडे ठरावीक पैसा आहे तिने दोन्हींना सारखं मोजावं का?

ब्रिटनमध्ये हा प्रश्न उघडपणे विचारतात. तिथे 1999 पासून 'नाइस' नावाची संस्था आहे. इंग्लंडमध्ये कॅन्सरच्या रुग्णाला 2009 पासून औषधाच्या चिठ्ठीचं शुल्क नाही, गोळी असो की सलाईन. खाटेचा प्रश्न तिथे नाही. पण ते औषध सेवेत घ्यायचं की नाही, हे नाइस हिशेब करून सांगते. एक वर्ष चांगल्या प्रकृतीचं आयुष्य मिळवायला किती पाउंड पडतात? बरीच वर्षं 20 ते 30 हजार पाउंड ही त्यांची मर्यादा होती. सोराफेनिबला यकृताच्या कॅन्सरसाठी त्यांनी 2010 मध्ये नाही म्हटलं. वर्तमानपत्रांत काहूर उठलं. कॅन्सरच्या औषधांसाठी सरकारला वेगळा निधी काढावा लागला. 2017 मध्ये कंपनीने किंमत उतरवल्यावर नाइसने हो म्हटलं.

मला स्वतःला हा हिशेब अस्वस्थ करतो. तीन महिने म्हणजे कुणाच्या तरी मुलीचं लग्न. कुणाचं तरी राहिलेलं बोलणं. समोर बुडणारा माणूस दिसला की दोरीची किंमत विचारायची नाही, ही आपली ओढ आहे. अल्बर्ट जॉन्सेन या विचारवंताने 1986 मध्ये तिला 'वाचवण्याचा नियम' असं नाव दिलं. ती ओढ माणुसकीचीच आहे. पण त्याच पैशात ज्यांना वाचवता आलं असतं ते समोर दिसत नाहीत. गडचिरोलीतली ती बाई, जिच्या स्तनातली गाठ वेळेवर तपासलीच गेली नाही, तिचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही. माझी ओढ त्यांच्या बाजूने आपोआप काम करत नाही, म्हणून हिशेब लागतो.

मग हिशेब कुणी करायचा? नॉर्मन डॅनियल्स आणि जेम्स सेबिन या दोघांनी याचं जे उत्तर दिलं ते मला सर्वांत व्यवहार्य वाटतं. ते म्हणतात, योग्य आकडा कोणता यावर आपलं एकमत होणार नाही, ते सोडा. निर्णय घ्यायची पद्धत तरी अशी ठेवा की ज्याला नाही म्हटलं त्यालाही ती रास्त वाटेल. कारण जाहीर करा. कारण असं द्या जे आजाराशी आणि गरजेशी संबंधित आहे. फेरविचाराचा रस्ता ठेवा. आणि हे सगळं पाळलं जातंय की नाही हे बघणारं कुणीतरी ठेवा.

ही कसोटी मामांच्या क्लेमला लावून बघा. 'आयुष्याचा लाभ कमी आणि खर्च फार' असं कारण दिलं असतं तर ते निदान संबंधित कारण असतं, आणि इमॅटिनिबच्या बाबतीत ते टिकलंच नसतं. 'तुम्ही झोपला नाहीत' हे कारण संबंधितच नाही.

आज परिस्थिती थोडी बदलली आहे. 2019 मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने आधुनिक उपचारांची यादी काढली आणि विमा कंपन्यांना सांगितलं की हे वगळता येणार नाहीत. त्यात तोंडाने घ्यायची केमोथेरपी स्पष्ट लिहिलेली आहे. कंपन्यांनी त्यावर मग उपमर्यादा घातल्या, तो भाग वेगळा. आयुष्मान भारत 2018 मध्ये आली. ती मुळात दाखल होणाऱ्यांची योजना, औषधं दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि घरी गेल्यावरचे 15 दिवस. कॅन्सरसाठी मात्र औषधयोजनेनुसार पॅकेजेस केली, त्यात काही गोळ्याही आल्या. महाराष्ट्राच्या योजनेचं नाव आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि 2023 मध्ये ती सगळ्या रेशनकार्डवाल्यांना खुली करायचा निर्णय झाला. पांढरं कार्डही आत. आणि 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्न न विचारता आयुष्मानचं कवच मिळालं, त्यामुळे माझंही कार्ड निघालं आहे. फोटो इतका वाईट आहे की तो पाहून कुठलंही इस्पितळ मला लगेच दाखल करून घेईल.

पण पाया अजून खाटेचाच आहे. गोळ्या त्यात अपवाद म्हणून शिरतात, अमेरिकेतल्यासारख्या. नवी गोळी आली की कुणीतरी तिला यादीत बसवेपर्यंत ती बाहेर. माझ्या मते ते उलटं व्हायला हवं. औषध कॅन्सरचं आहे, लाभ सिद्ध झाला आहे, किंमत सरकारने बोलून ठरवली आहे, एवढं असलं की ते कुठे बसून घेतलं हे विचारूच नये.

मामांचं राहिलं. मी आठवडाभर विचार केला. खोटं बोलू नये हे एका बाजूला, नियमच अन्यायाचा आहे हे दुसऱ्या बाजूला, कांट, गांधी, सगळे आळीपाळीने येऊन गेले. आठवड्याने मी ग्रंथालयात गेलो, म्हटलं, मामा, बोलू या. ते म्हणाले, "राहू द्या सर, मी जमवलंय." मला वाटलं पैशांची सोय झाली. दोन महिन्यांनी डॉक्टरांना रक्तात आकडे पुन्हा चढलेले दिसले. तेव्हा कळलं, मामा एक दिवसाआड गोळी घेत होते. महिन्याची स्ट्रिप दोन महिने पुरवत होते. घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. मग आम्ही काही जणांनी मिळून वर्षभराची सोय केली, पुढे गोळी आणखी स्वस्त झाली, आणि आता तर मामाच मला फोन करून माझ्या रक्तदाबाची चौकशी करतात. पण तो आठवडा मी विचार करण्यात घालवला, हे मी विसरलेलो नाही.

इथे थांबतो. एक-दोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न: घरात असा रुग्ण असेल तर उद्या सकाळी नेमकं काय करायचं?)

हो, हे सांगायला हवं होतं. आधी डॉक्टरांना विचारा, या गोळीची भारतीय आवृत्ती आहे का, आणि ती चालेल का. संकोच करू नका, चांगले डॉक्टर रागावत नाहीत. मग योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांच्याकडे जा. नुसतं "कॅन्सर बसतो का" असं विचारू नका, ते हो म्हणतील. विचारा की या औषधाचं पॅकेज आहे का, आणि घरी न्यायच्या गोळ्या त्यात येतात का. आयुष्मानसाठी 14555 हा क्रमांकही आहे. खाजगी पॉलिसी असेल तर तिच्यात 'ओरल केमोथेरपी' हे शब्द शोधा, आणि त्यापुढची उपमर्यादा बघा. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आणि रुग्ण गोळ्या रोज घेतोय का, हे स्ट्रिप मोजून बघा. तोंडी विचारलं तर तो घेतोय असंच सांगेल.